‘धूम्रपान सुरू आहे’

माझ्यासमोरच्या स्टुलावर बसणारा माणूस खोटं बोलणार, हे मी तो बसायच्या आधीच धरून चालायचो. सत्तावीस वर्षं चाललो. त्यात पुष्कळ लबाड सापडले, आणि एका खऱ्या माणसाचं माझ्या हातून वाईट झालं. त्याचीच हकीकत सांगायची आहे, पण आधी काम काय होतं ते सांगतो.

परभणीत छातीच्या विकारांचा एक दवाखाना आहे. डॉक्टर मॅडम आत पेशंट तपासायच्या आणि शेजारच्या लहान खोलीत मी लोकांना मशीनमध्ये फुंकायला लावायचो. दारावर लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते कुणी वाचत नसे. "फुंकायची खोली कुठं हाय?" असंच विचारत लोक यायचे. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास, आणि मग एका झटक्यात सगळी हवा बाहेर. "मारा जोरात! सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, थांबू नका!" असं मी बेंबीच्या देठापासून ओरडायचो. बाहेर बाकावर बसलेल्या नव्या माणसाला वाटायचं आत मारामारी चाललीय.

निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच बहुतेक हवा बाहेर टाकतो. बिडीनं किंवा धुरानं ज्याच्या श्वासनळ्या आवळल्यात त्याची हवा आतच कोंडून राहते. तो बिचारा फुंकतच राहतो आणि कागदावरची रेघ झोळीसारखी मधे खचते. लोक या आजारालाही दमाच म्हणतात. पण दमा येतो आणि जातो, हा आला की मुक्कामालाच राहतो. फुप्फुसाचं जेवढं गेलं तेवढं परत मिळत नाही. औषधाचा पंप रोज ओढायचा, चालायचं, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, आणि मुख्य म्हणजे ओढणं बंद करायचं. मग उरलेलं जरा जास्त दिवस पुरतं.

म्हणून प्रत्येकाला पहिला प्रश्न असायचा, "ओढता का?" आणि दहातल्या नऊ जणांचं उत्तर असायचं, "सोडली."

मी 'सोडली' म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचोच नाही. उजव्या हाताची दोन बोटं बघायचो. पांढऱ्या मिशीचा नाकाखालचा भाग पिवळा आहे का बघायचो. सकाळी सकाळी वेलदोडा चघळत कोण येतं, त्याच्यावर तर माझा हमखास डोळा. सदऱ्याच्या खिशाला चौकोनी फुगा आला असेल तर ती तंबाखूची डबी की आगपेटी, हे मी लांबून सांगू शकायचो.

पेडगावकडचे एक मोठे बागायतदार होते. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सिगारेट सोडून वर्ष झालं. पोराच्या गळ्याची आण." मी त्यांची बोटं बघितली आणि विचारलं, "मग बिडी?" ते जरा थांबून म्हणाले, "बिडीचं तुमी इचारलंच न्हाई."

राणीसावरगावचे एक शिक्षक आले होते. त्यांना बदली रद्द करून घ्यायला आजाराचा कागद हवा होता. ते मुद्दाम हळू फुंकायला लागले. मी त्यांना तीनदा फुंकायला लावलं. आमच्या कामात तीन फुंका एकसारख्या आल्या तरच निकाल धरायचा असतो, आणि मुद्दाम हळू फुंकणाऱ्याला तिन्ही वेळा तेवढंच हळू फुंकणं जमत नाही. तीन रेघा तीन दिशांना गेल्या. गुरुजींना कागद दाखवून म्हणालो, "सर, तुमचंच अक्षर तीन तऱ्हेचं आलंय." ते उठून गेले. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला हे दोनदा सांगितलं, इतका मी स्वतःवर खूश होतो.

एवढा संशय मला आला कुठून, तर स्वतःपासूनच. मी पण ओढायचो. दिवसाला एक पाकीट. दवाखान्याच्या मागे पाण्याच्या टाकीआड उभा राहून ओढायचो, चूळ भरायचो, हाताला साबण लावायचो आणि आत येऊन लोकांना बिडी सोडायचा उपदेश करायचो. बायकोला 'सोडली' असं मी चार वेळा सांगितलं होतं, आणि चारही वेळा माझा आवाज अगदी खरा होता. त्यामुळं दुसऱ्याचा खरा आवाज ऐकला की माझे कान उभे राहायचे.

माझं बिंग फुटलं ते नव्या मशीनमुळं. मोबाइलएवढं यंत्र होतं ते. पंधरा सेकंद श्वास कोंडून सावकाश फुंकायचं, की रक्तात धुरातला विषारी वायू किती आहे त्याचा आकडा दिसतो. न ओढणाऱ्याचा आकडा पाच-सहाच्या आत राहतो, ओढणाऱ्याचा दहाच्या वर जातो. मशीन घेऊन आलेला माणूस डॉक्टर मॅडमना म्हणाला, "कुणावर तरी करून दाखवतो." मॅडमनी सहज माझ्याकडं बोट केलं. नाही म्हणायला कारण सुचेना. मी फुंकलं. आकडा चढायला लागला. दहा, चौदा, अठरा. बाविसावर थांबला. खोलीत दोन सिस्टर होत्या, एक पेशंट होता, तो मशीनवाला होता. मॅडम फक्त एवढं म्हणाल्या, "मशीन चांगलं आहे, ठेवून घेऊ."

त्या दिवसापासून मी खरोखर सोडली. कसं सोडलं ते माझं मला माहीत. चार महिने मी बडीशेपेच्या पुड्या बोकाणल्या, घरातल्या माणसांवर खेकसलो, आणि एकदा रिकामं पाकीट कचऱ्यातून काढून नुसता वास घेत बसलो. पण सुटली. सुटल्यावर माणसानं नरम व्हायला हवं, मी उलटा कडक झालो. मला एवढी तकलीफ झाली, तर ही माणसं अशी हसत हसत 'सोडली' कशी म्हणतात? खोटंच असणार.

याच काळात गोविंदराव आले.

पूर्णेचे गोविंदराव रेल्वेतून निवृत्त झालेले पॉइंट्समन. गाडी कुठल्या रुळावरनं जाणार त्याप्रमाणं सांधा बदलायचा, ही त्यांची नोकरी. उघड्यावर उभं राहायचं काम, हातात सदैव बिडी. अंगानं सुकलेले, छाती मात्र पिंपासारखी फुगलेली, मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला वर यायच्या. परभणी स्टेशनच्या पुलावर ते तीनदा बसायचे. अंतर ते पावलात सांगायचेच नाहीत. "रिक्षापासून तुमच्या दारापातूर एक बसणं हाय," असं म्हणायचे.

पहिल्या वर्षी ते ओढत होते आणि तसं सांगत होते. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "साहेब, सोडली. पंचमीपासून."

"एकदम?"

"एकदम. नातीसाठी."

पुण्याला त्यांचा मुलगा प्रशांत होता, त्याची सहा वर्षांची मुलगी. तिला बालदम्याचा त्रास. प्रशांतनं बजावून सांगितलं होतं, तुमची बिडी सुटल्याशिवाय पोरीला पूर्णेला आणणार नाही. म्हाताऱ्यानं चाळीस वर्षांची बिडी सोडली आणि त्या दिवाळीला नात आली. ती गोष्ट सांगताना त्यांना धाप लागली, तरी सांगितली. "माझ्या मांडीवर बसून पंप कसा घ्यायचा ते मलाच शिकवायली व्हती," म्हणाले.

तेव्हा मशीनवर आकडा चार आला. माझी बोटांची आणि मिशीची तपासणीही साफ. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी मनात म्हणालो, बघू किती दिवस.

पुढच्या वर्षी थंडी सुरू झाल्यावर ते आले. खोकला वाढला होता. सदऱ्याला धुराचा वास येत होता, मला लांबूनच आला. मी काही न बोलता लहान मशीन हातात दिलं. आकडा आला चौदा.

"गोविंदराव?"

"काय झालं?"

"पुन्हा सुरू केलीत."

"न्हाई हो साहेब."

"चौदा आलाय."

"आला आसंल. म्या न्हाई ओढली. तुमाला खोटं सांगून मला काय भेटायलंय?"

त्यांचा आवाज अगदी खरा होता. तसा आवाज काढण्यात मी स्वतः तरबेज होतो. मी पुन्हा फुंकायला लावलं. तेरा. त्यांच्या बायको, शांताबाई, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ओ साहेब, घरात म्या आसते ना दिसभर. येक बिडी दिसली न्हाई मला." मला वाटलं, नवऱ्याला सामील आहेत. शिवाय माझ्या बायकोलाही कधी काही दिसलं नव्हतं, आणि मी रोज पाकीटभर ओढत होतो.

"उगंच शक करायलेत तुमी," गोविंदराव म्हणाले. रागावले नव्हते, दमले होते. मी कागदावर लिहिलं : धूम्रपान सुरू आहे. चार शब्दही नाहीत. खाली सही केली.

तो कागद त्यांच्या फायलीत गेला. औषधं बदलल्याचं मुलाला कळवायला शांताबाईंनी शेजारच्या मुलीकडून फायलीच्या पानांचे फोटो पुण्याला पाठवले. प्रशांतनं माझी ओळ वाचली. दिवाळी आठवड्यावर होती. तो आला नाही, नातही आली नाही, आणि त्यानं वडलांचे फोन घेणं बंद केलं.

हे मला कळलं दोन महिन्यांनी, संक्रांतीच्या आसपास. शांताबाई एकट्याच आल्या होत्या, पंप न्यायला. गोविंदरावांना स्टेशनचा पूल चढवत नव्हता. खोलीच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तुमी लिवलेलं खरं न्हाई साहेब. माज्यावर इस्वास ठिवू नका. घरी येऊन बघा."

मी गेलो. खरं सांगायचं तर त्यांच्यावर उपकार करायला गेलो नाही, पकडायला गेलो. मॅडमना विचारून लहान मशीन पिशवीत टाकलं आणि रविवारी पहाटेची गाडी धरून न कळवता पूर्णेला उतरलो. न कळवता अशासाठी, की लपवायला वेळ मिळू नये.

रेल्वेच्या जुन्या वस्तीमागं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. शांताबाईंनी दार उघडलं. घरात शिरल्या शिरल्या धूर नाकाशी आला आणि मला मनातून गार वाटलं. गोविंदराव कुठं आहेत विचारलं, तर "मोरीत" म्हणाल्या. मी परवानगी न घेता मागं गेलो. मोरीचं दार अर्धवट लोटलेलं. उंबऱ्याशी आगपेटी, जळक्या काड्यांचा ढीग. आत धुरात पाटावर बसलेले गोविंदराव खोकत होते.

"सापडलात," मी म्हणालो. शब्द तोंडातून निघूनच गेला.

त्यांनी मान वर केली. हातात बिडी नव्हती. लोखंडी नळी होती, जाळ फुंकायची. समोर तांब्याचा बंब होता, आंघोळीचं पाणी तापवायचा, आणि त्याच्या तोंडात पऱ्हाट्या कोंबल्या होत्या. कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या काटक्या. भावाच्या शेतातून वर्षाची मोळी येऊन पडायची.

"या साहेब," ते म्हणाले. "काय सापडलं?"

शांताबाई मागून म्हणाल्या, "माजे सांधे दुखत्यात थंडीत. रोज ह्येच पाणी तापवून देत्यात मला. गॅसवर तापवा म्हणलं तर आयकत न्हाईत."

"का हो?" मी विचारलं.

गोविंदरावांनी नळी खाली ठेवली. श्वास गोळा करायला वेळ घेतला. "बिडीची येळ व्हती ना माजी ती. पाचला उठलं की पयली बिडी. सोडल्यावर हात रिकामा ऱ्हायला, तोंड रिकामं ऱ्हायलं. मंग औंदा थंडी लागली तवा म्हणलं, बंब पेटवावा. फुंकायला बी भेटतंय, आन् हिचं कामबी व्हतंय. तुमीच सांगितलं व्हतं, मन दुसरीकडं लावा."

सांगितलं होतं. प्रत्येकालाच सांगायचो.

आता एवढ्यावर कुणीही समजलं असतं. मी नाही समजलो. माझ्या मनात आलं, बंबाच्या धुराआड बिडीचा धूर लपवणं किती सोपं. मी मोरीचा पत्रा चाचपला, मोळी उलटीपालटी केली, पाटाखाली बघितलं. नवराबायको दोघं उभं राहून बघत होती. कुणी अडवलं नाही, आणि आज मला तेच आठवून लाज वाटते.

काहीच सापडलं नाही. मग मी गोविंदरावांना बाहेर अंगणात बसवलं, लहान मशीन काढून आधी स्वतः फुंकलं. आकडा दोन. तीन वर्षं झाली होती मला सोडून. मग मोरीत जाऊन त्याच पाटावर बसलो, दार तसंच लोटून घेतलं आणि अर्धा तास पऱ्हाट्या सारत, नळीनं फुंकत बसलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, डोकं जड झालं. बाहेर आलो, तोंड धुतलं, फुंकलं.

आकडा आला अकरा.

मी तो आकडा गोविंदरावांना दाखवला. त्यांनी मशीन लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "तुमी बी सुरू केली म्हणा की."

ते हसले. हसताना खोकला आला, मग शांताबाईंनी त्यांची पाठ चोळली. मला हसता आलं नाही. कोंडलेल्या जागी लाकूडफाट्याचा धूर घेतला तरी हा आकडा वाढतो, हे मशीनसोबतच्या पुस्तकात छापलेलं होतं. मी वाचलेलं होतं. चुलीपुढं जन्म गेलेल्या, आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या कितीतरी बायका माझ्या स्टुलावर फुंकून गेल्या होत्या. तरी पुरुषमाणूस समोर बसला की मला बिडीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

बंब त्या दिवशी बंद झाला. मॅडमनी गोविंदरावांना फोनवर चांगलंच झापलं, की बिडीचा काय आणि पऱ्हाटीचा काय, छातीला धूर तो धूरच.

मग मी प्रशांतला फोन केला. सगळं सांगितलं. मोरी, बंब, माझा अकरा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, बाबांनी तुम्हालाही पटवलं का? मी लहानपणापासून बघतोय त्यांना. पाच-सहा वेळा सोडलीय त्यांनी."

"मी स्वतः तपासून आलोय."

"तुम्हीच लिहिलं होतं ना, सुरू आहे म्हणून? सहीनिशी?"

"चुकलं माझं."

"तेव्हा खरं होतं की आता खरं आहे?" असं विचारून त्यानं फोन ठेवला. त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही असाच ठेवला असता.

दर आठवड्याला मी त्याला फोन करत राहिलो. शेवटी होळीच्या सुट्टीत तो एकटाच आला, वडलांना घेऊन थेट दवाखान्यात. गोविंदराव फुंकले. आकडा दोन. मी मशीन प्रशांतपुढं धरलं.

तो म्हणाला, "मी वाचलंय यावर. एक-दोन दिवस ओढली नाही तरी आकडा उतरतो."

गोविंदरावांनी मान खाली घातली. आणि प्रशांत म्हणाला ते बरोबर होतं. ते मशीन फक्त काल-आजचं सांगतं. महिन्यांचं, वर्षांचं सांगणारं मशीन माझ्याकडं नव्हतं.

मी फाइल उघडली. तो हिवाळ्यातला कागद काढला आणि प्रशांतच्या समोर 'धूम्रपान सुरू आहे' या ओळीवर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, वरील नोंद चुकीची आहे, पेशंटची पुरेशी चौकशी न करता केली. सही केली, तारीख टाकली. सत्तावीस वर्षांत मी कागदावर केलेली ती एकच खाडाखोड. म्हणालो, "मशीनचं राहू द्या. हे मी माझ्या नोकरीवर लिहून देतोय. तुमच्या बाबांचा खोटेपणा मला सापडला नाही, आणि मी तो फार शोधलाय."

प्रशांतनं कागद हातात घेऊन दोनदा वाचला. वडलांकडं बघितलं नाही. पण जाताना त्यांची पिशवी त्यानं घेतली, आणि दवाखान्याचा जिना उतरताना प्रत्येक वळणावर ते बसून उठेपर्यंत थांबला.

मे महिन्यात नात पूर्णेला आली, पंधरा दिवस राहिली.

गोविंदराव नंतर तीन वर्षं होते. शेवटचं वर्ष घरी ऑक्सिजनच्या मशीनवर काढलं. आता ते नाहीत, आणि मीही निवृत्त झालोय. शांताबाईंना विचारून हे लिहितो आहे. पण एक गोष्ट तेव्हा मी कुणाला सांगितली नव्हती.

नात येऊन गेल्यानंतरच्या जूनमध्ये ते तपासणीला आले. शांताबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. मी मशीन पुढं केलं, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"साहेब, येक सांगायचंय. प्रशांतला न्हाई सांगितलं. हिलाबी न्हाई."

मी मशीन टेबलावर ठेवलं.

"म्या येकदा ओढली."

"कधी?"

"तुमी लिवलं त्याच दिवशी. हिथून निघलो, टेशनावर आलो. ही तिकीट काढायला गेली. बाकावर येक जण ओढायला व्हता. म्हणलं, लिवलंच हाय तर निदान ओढावी तरी. मागून घेतली. दोन झुरके मारले. लय खोकलो. ही यायच्या आत फेकून दिली." मग जरा वेळानं म्हणाले, "त्याच्या आधी न्हाई. त्याच्या नंतर न्हाई. इमानानं सांगायलोय."

आयुष्यभर ज्या कबुलीसाठी मी माणसांची बोटं आणि खिसे तपासत आलो, ती समोर बसून न विचारता मिळाली होती. ती बिडी त्यांच्या हातात मी दिली होती.

"आता हेबी लिवता का?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती. खरंच विचारत होते.

"फुंका," मी म्हणालो.

ते फुंकले. आकडा दोन आला. मी दोन लिहिला.